सांगितलं की मोबाईल जातो, म्हणून पोरं सांगतच नाहीत

मागच्या अंकात परीक्षेच्या टेन्शनबद्दल लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं अन् मेल आले त्यातले निम्मे परीक्षेबद्दल नव्हतेच, ते होते ग्रुपवरच्या चिडवण्याबद्दल, इन्स्टावरच्या फेक अकाउंटबद्दल, स्टिकरबद्दल. मग म्हटलं या वेळी हेच घेऊ. पाच निवडलेत. नावं काढली आहेत, गावंही थोडी इकडची तिकडे केलीत, कारण आपल्याकडे तालुका आणि पोराचे टक्के सांगितले की लोक घर शोधून काढतात.

प्रश्न : ताई, आमचं गाव अमळनेर तालुक्यात, घरची कापसाची शेती. मुलाला दहावीला चांगले मार्क पडले म्हणून जळगावला अकरावी सायन्सला टाकला, क्लास लावला, रूम केली. पहिले दोन महिने रोज फोन करायचा, मग कमी झाला. कानबाईच्या सणाला घरी आला तर रोटाला हात लावला नाही, एरवी रोट संपेपर्यंत दुसरं काही खात नाही तो. फोन सारखा उलटा ठेवतो, वाजला की दचकतो. आजी म्हणते, "पोऱ्या जेवस नही, बोलस नही, काय व्हयनं?" शेवटी त्याच्या चुलत भावाकडून कळलं की क्लासमध्ये सरांनी काहीतरी विचारलं आणि हा घाईत आमच्या अहिराणी बोलीत "माले समजनं नही" (मला समजलं नाही) बोलून गेला, कोणीतरी मोबाईलवर काढलं, त्याचं रील केलं, स्टिकर केलं, आता पूर्ण बॅच त्याला 'माले' म्हणते. काल दप्तर आवरताना वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं दिसलं, 'मी नसलो तर कोणाचं काय अडणार आहे'. त्याचे पप्पा म्हणतात मोबाईल काढून घे, सगळं आपोआप बंद होईल. त्याला विचारावंसं वाटतं पण विचारल्याने नसलेलं डोक्यात यायचं, अशी भीती वाटते. काय करू?

उत्तर : ताई, विचारा. आजच विचारा, हा अंक खाली ठेवा आणि आधी ते करा, बाकीचं उत्तर उद्या वाचलं तरी चालेल.

विचारल्याने डोक्यात येतं ही भीती जवळजवळ प्रत्येक आईबापाला असते, पण यावर बराच अभ्यास झालाय आणि विचारल्यामुळे धोका वाढतो असं कुठे दिसलेलं नाही, उलट पोरगं हलकं होतं, कारण जे ते एकटं घेऊन फिरत होतं ते घरातलं कोणीतरी स्वतःहून बोललं. फक्त गोलगोल विचारू नका. "बरा आहेस ना रे?" म्हटलं की "हो" येणार आणि विषय संपणार. सरळ म्हणा, "वहीचं शेवटचं पान मी वाचलं. रागावले नाहीये, घाबरलेय. तुला मरून जावं असं वाटतं का?" समोर खुर्चीवर बसवून नाही, आणि पप्पा-काका-आजी गोल करून तर अजिबातच नाही, त्याला ती पंचायतच वाटेल. शेताकडे चालत जाताना, शेंगा फोडताना, गाडीवर मागे बसून, हात कामात आणि डोळे दुसरीकडे असले की या वयाची पोरं जास्त बोलतात. आणि घरात अहिराणी बोलत असाल तर अहिराणीतच विचारा, मुद्दाम सांगतेय, ज्या बोलीवरून त्याला हसले त्याच बोलीत त्याच्याशी कोणीतरी मायेने बोलतंय हे त्याच्या कानावर पडायला पाहिजे.

"हो, वाटतं" म्हणाला तर रडारड, शपथा, "आमचा विचार केला नाही का" हे सगळं गिळून टाका. विचारा, नुसतं वाटतं की काही ठरवलंय पण? ठरवलंय असं वाटलं किंवा तुमचं मनच सांगत असेल की काहीतरी बरोबर नाही, तर त्याला एका मिनिटासाठी एकटा सोडू नका आणि सिव्हिलला किंवा जवळच्या मानसोपचार डॉक्टरकडे त्याच दिवशी न्या, वाहन नसेल तर 112 लावा. धोका इतका जवळचा वाटत नसला तरी 14416 हा नंबर लावा, सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, रात्री तीनलाही लागते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आधी तुम्ही स्वतः लावा, पोराने फोन केलाच पाहिजे असं काही नाही, आईनेही विचारलेलं चालतं. शेतकरी घर आहे म्हणून एक गोष्ट हात जोडून सांगते, फवारणीचं सगळं सामान आणि घरातल्या गोळ्या-औषधं कुलपात आणि चावी तुमच्याकडे, आणि हे गाजावाजा न करता. कुलपाने काय होणार असं त्याचे पप्पा म्हणतील, पण असा टोकाचा विचार बऱ्याचदा काही वेळाचा झटका असतो, तो वेळ निघून गेला की माणूस वाचतो, आणि कुलूप तो वेळ काढून देतं.

दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल, पोराचं करिअर जाईल, असं गावात कोणीतरी सांगेलच. मनात विचार येणं हा कधीच गुन्हा नव्हता, आणि प्रयत्न केलेल्या माणसालाही 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो प्रचंड तणावात होता असंच धरायचं म्हटलंय, शिक्षा नाही, सरकारने त्याची काळजी घ्यायची असं लिहिलंय. तेव्हा त्या भीतीने थांबू नका.

आता मोबाईल. पप्पांचा राग समजतो, पण मोबाईल काढून घेतला तर पोरगं काय शिकणार? की आईला कळलं तर शिक्षा मलाच होते. पुढच्या वेळी वहीतही लिहिणार नाही. हसणारे पन्नास त्या फोनमध्ये आहेत हे खरं, पण त्याच्या बाजूने असलेले दोन-तीन दोस्त पण त्याच फोनमध्ये आहेत, तेही तोडून टाकाल. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मी विचारते, घरी का नाही सांगितलं, तर दहातली आठ तरी हेच म्हणतात, "मोबाईल गेला असता." म्हणून पहिलं वाक्य हेच बोला, मोबाईल जाणार नाही, रूम सोडावी लागणार नाही, तुझं तू सांग. रात्रीपुरता मात्र नियम करा, दहानंतर सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, सगळ्यांचे म्हणजे पप्पांचा पण, नाहीतर तो नियम नसतो, ती सजा असते. रूमवर परत गेला की तुम्ही तिथे नसणार, तर रूममेटपैकी भरवशाच्या एकाला आणि घरमालकांना थोडं कानावर घाला, रूमवर रोज रात्री एक फोन, आणि त्या फोनवर अभ्यासाचं विचारायचं नाही.

मग त्याच्यासोबत बसून ते रील आणि स्टिकर बघा, एकदाच. कोणत्या अकाउंटवरून टाकलं त्याची लिंक, तारीख, खालच्या कमेंट, सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या, मग रिपोर्ट करा. आधी रिपोर्ट आणि ब्लॉक केलं तर पुरावा हातातून जातो, ही चूक सगळेच करतात. जे रोज समोर बसतात त्यांना ब्लॉक केलं तर उद्या वर्गात "ब्लॉक का केलं बे" सुरू होतं, त्यासाठी इन्स्टाला रिस्ट्रिक्ट म्हणून सोय आहे, समोरच्याने तुमच्या पोस्टवर केलेली कमेंट त्याची त्यालाच दिसते, बाकीच्यांना नाही, आणि त्याला पत्ताही लागत नाही. ते स्क्रीनशॉट घेऊन क्लासच्या संचालकांकडे पप्पांना घेऊन जा आणि लेखी द्या. 25 जुलै 2025 ला सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्यात, त्या शाळा-कॉलेजसोबत कोचिंग क्लास आणि होस्टेललाही लागू आहेत, 100 किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक पाहिजे. "पोरं आहेत, मस्ती करतात" असं उत्तर आलं तर शांतपणे विचारा, तुमचा समुपदेशक कोण आहे?

आणि हे मी घाबरवायला नाही, तुम्ही उगाच घाबरलेला नाहीत हे सांगायला लिहितेय. 2018 ला इंग्लंड-वेल्सच्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी 30 देशांतल्या दीड लाखाहून जास्त मुला-तरुणांवरचे जुने अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात ऑनलाइन छळ झालेल्या 25 वर्षांखालच्या पोरांमध्ये स्वतःला इजा करण्याचं आणि आत्महत्येच्या प्रयत्नाचं प्रमाण बाकीच्यांच्या दुपटीहून जास्त निघालं. याचा अर्थ स्टिकर बनलं की पोरगं जाणार असा नाही, बहुतेक पोरं यातून बाहेर येतात, आणि कोणीच फक्त एका कारणाने त्या टोकाला जात नाही, झोप उडालेली असते, घरापासून लांब असतो, मार्क घसरलेले असतात, त्यात हे. पण म्हणूनच त्यातलं जे आपल्या हातात आहे ते लवकर धरायचं.

प्रश्न : मी चोपड्याचा रिटायर्ड माणूस, वय 71. आम्हाला शाळेत 'काळ्या', 'लंगड्या', काय काय म्हणायचे, मास्तर सुद्धा म्हणायचे. आम्ही कुठे गेलो डॉक्टरकडे? आताची पोरंच नाजूक झालीत असं नाही का वाटत तुम्हाला?

उत्तर : काका, नाही वाटत. पण प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून छापलाय.

तुम्हाला 'काळ्या' म्हणणारे किती होते, वर्गातले दहा? पाचची घंटा झाली की ते त्यांच्या घरी, तुम्ही तुमच्या घरी, आई ताटात भाकर टाकायची आणि तिथे तुम्ही 'काळ्या' नव्हता. आता घंटाच नाही. पोरगं गोधडीत शिरलं की तिथे 'माले' चालू असतं, रात्री साडेबाराला कोणीतरी हसण्याचे पाच इमोजी टाकतो, आणि बघणारे दहा नसतात तर चारशे असतात, त्यातले साडेतीनशे त्याने कधी पाहिलेले पण नसतात. वर्गातली टिंगल हवेत विरते, फोनमधली साठून राहते, दोन वर्षांनी कोणीतरी वर काढतो. नॉर्वेचे डॅन ऑल्वेयस यांनी 1970 च्या दशकात शाळेतल्या छळावर काम सुरू केलं, त्यांनी तीन खुणा सांगितल्या होत्या : मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं, आणि ज्याच्यावर चाललंय त्याचं समोरच्यापुढे काही चालत नाही. ऑनलाइनमध्ये गंमत अशी की करणाऱ्याने एकदाच केलं तरी फॉरवर्ड करणारे ते पुन्हा पुन्हा करत राहतात.

आणि एकटं पाडणं नुसतं मनाला लागतं असंही नाही. 2003 ला अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला, लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून स्क्रीनवर चेंडू फेकायचा खेळ दिला, थोड्या वेळाने बाकीचे दोघं आपसातच फेकायला लागले, याला चेंडूच देईनात. एवढंच. पण शारीरिक दुखण्याच्या वेळी मेंदूचा जो एक भाग जागा होतो तोच तेव्हाही जागा झाला. आणि ती मोठी माणसं होती काका, पंधरा-सोळाची पोरं नव्हती, ज्यांच्यासाठी दोस्तलोक काय म्हणतात हेच अर्धं जग असतं.

तुमच्यातले जे डॉक्टरकडे गेले नाहीत ते सगळे बरे झाले असं पण नाही हो. काही शाळा सोडून गेले. त्यांची मोजदाद आपण केली नाही. एक मात्र तुमच्याकडून हवंय, तुम्ही 'काळ्या'ची गोष्ट नातवाला सांगा, "आम्ही सहन केलं" हे शेपूट न लावता, नुसतं तेव्हा कसं वाटायचं तेवढं.

प्रश्न : मी दहावीत आहे, नंदुरबार जिल्हा. कोणीतरी माझ्या नावाने इन्स्टाला फेक अकाउंट काढलंय, माझा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावरचा फोटो घेऊन त्याला घाणेरडं केलंय, चेहरा माझा आहे बाकी माझं नाही. तो मेसेज करतो की अजून फोटो पाठव नाहीतर गावच्या ग्रुपवर टाकतो. पप्पांना कळलं तर शाळा बंद होईल, मोठ्या बहिणीचं तसंच झालं होतं, तिचं लग्नच लावून दिलं. मी काहीच केलं नाहीये खरंच. मला काहीच सुचत नाही, जेवण जात नाही.

उत्तर : बेटा, तू काहीच केलं नाहीयेस. झोक्यावर बसून फोटो काढणं ही काही चूक नाही. गुन्हा त्याने केलाय, आणि छोटा नाही.

आधी काय करायचं नाही ते. एकही फोटो पाठवू नको, पैसे मागितले तर देऊ नको, विनवण्या करू नको. एक पाठवला की तो थांबत नाही, त्याला कळतं की ही घाबरते. त्या अकाउंटची लिंक कॉपी करून ठेव, नुसतं नाव लिहून भागत नाही कारण नाव तो रोज बदलू शकतो. त्याच्या धमकीच्या मेसेजचे तारखेसकट स्क्रीनशॉट घे. पण तो बनवलेला फोटो पुरावा म्हणून मैत्रिणींना किंवा घरच्या ग्रुपवर पाठवू नको, कोणालाच पाठवू देऊ नको, 18 वर्षांखालच्या मुलीचा तसा फोटो पुढे पाठवणं हाच कायद्याने गुन्हा आहे, पोलिसांना फोनवर दाखवायचा.

मग एक मोठं माणूस शोध. पप्पाच पाहिजेत असं नाही. मावशी, मामी, शाळेतल्या एखाद्या मॅडम, अंगणवाडीच्या ताई, जी ऐकल्यावर आधी "तू जेवलीस का" विचारेल अशी. फोन करायचा तर 1098, मुलांची हेल्पलाइन, तिथे रडत बोललं तरी चालतं. तक्रार सरकारच्या सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर करता येते, महिला आणि मुलांवरच्या अशा गुन्ह्यांची तक्रार तिथे नाव न सांगताही घेतात. नाव देऊन केली तर तपास पुढे नीट सरकतो, ते मावशीसोबत बसून ठरव. 1930 नंबरपण सगळीकडे लिहिलेला असतो पण तो मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे, तुझ्यासाठी पोर्टल किंवा जिल्ह्याचं सायबर पोलीस स्टेशन.

पोलीस म्हटलं की तू आणखी घाबरशील म्हणून सांगते. तुझ्यासाठी 2012 चा पॉक्सो कायदा आहे, 18 वर्षांखालच्या मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून वाचवणारा. मुलीचा खरा किंवा बनवलेला फोटो पसरवायची धमकी देणं हे त्यात लैंगिक छळ म्हणून लिहिलेलंच आहे, 'बनवलेला' हा शब्द त्यात आहे, म्हणजे चेहरा तुझा आणि बाकी खोटं असलं तरी तो सुटत नाही. तुझा जबाब तुझ्या घरी किंवा तू म्हणशील तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि वर्दी न घालता. तुझं नाव, शाळा, गाव पेपरमध्ये छापायला बंदी आहे.

फोटो पसरू नये म्हणून 'टेक इट डाउन' नावाची एक फुकट सेवा आहे, अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि शोषण झालेल्या मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची, 18 च्या आतल्या फोटोंसाठी. त्यात फोटो कुठेच जात नाही, तुझ्याच फोनवर त्याचा बोटाच्या ठशासारखा एक कोड बनतो आणि तो कोड इन्स्टा-फेसबुकसारख्या कंपन्यांकडे जातो, मग त्यांच्याकडे तो फोटो कोणी चढवला की ओळखून काढता येतो. व्हॉट्सॲपच्या खाजगी ग्रुपमध्ये ते चालत नाही, हे खोटं सांगणार नाही. फेक अकाउंट मात्र इन्स्टामध्येच रिपोर्ट कर, 'दुसऱ्याच्या नावाने चालवलंय' हा पर्याय तिथे असतो.

मोठ्या बहिणीचं वाचून मला दोन मिनिटं पुढे लिहिता आलं नाही. आपल्याकडे गुन्हा पोराने करायचा आणि शाळा पोरीची सुटायची, आणि त्याला 'इज्जत' म्हणायचं. जे पप्पा हे वाचत असतील त्यांना सांगते, तुमच्या पोरीला धमकी देणाऱ्याचा सगळा धंदा तुमच्या भीतीवर चालतो, "पप्पाला सांगेन" एवढं एकच हत्यार असतं त्याच्याकडे. तिने स्वतः येऊन सांगितलं आणि तुम्ही "बरं झालं सांगितलंस" म्हणालात तर त्याच्या हातात काय उरतं?

बेटा, जेवण जात नाही म्हणतेस. कधी जगणंच नको असं वाटलं तर तेही मावशीला त्याच शब्दांत सांग, किंवा 14416 ला. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री क्लिनिक' असतात, समुपदेशक असतात तिथे, डोकं दुखतंय म्हणून केस पेपर काढला तरी चालतो. आणि मला परत लिही.

प्रश्न : मी शिरपूर भागात हायस्कूलला शिक्षक आहे. नववीच्या पोरांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, ॲडमिन वर्गाचा मॉनिटर. तिथे एका मुलाला रोज ॲड करतात, सगळे मिळून काहीतरी लिहितात आणि रिमूव्ह करतात, पुन्हा ॲड करतात. या खेळाला पोरं 'लाईट गेली-आली' म्हणतात. मुख्याध्यापक म्हणतात शाळेच्या बाहेरचं आहे, आपण पडू नका. मॉनिटरचे वडील म्हणतात माझ्या पोरावर केस होईल का? नक्की जबाबदारी कोणाची?

उत्तर : सर, केसचं आधी उरकते. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने 2021 ला गोंदियाकडच्या एका प्रकरणात सांगितलंय की ग्रुपमधल्या दुसऱ्याने काही टाकलं म्हणून केवळ ॲडमिन आहे एवढ्यावरून ॲडमिन दोषी होत नाही, त्यात त्याचा हात किंवा आधीपासून ठरलेला बेत दिसला पाहिजे. पण तुमच्या ग्रुपमध्ये ॲड-रिमूव्ह करणाराच ॲडमिन आहे ना? मग तो बघ्या नाही, तो खेळाडू आहे. तरी नववीच्या पोराला केसची भीती घालून काही होणार नाही, पोरं फक्त नवीन ग्रुप काढतील ज्यात तुमचा खबऱ्या नसेल.

'शाळेच्या बाहेरचं' हे वाक्य मला फार ऐकायला मिळतं. पोरं ओळखीची कुठून झाली, शाळेतून. तो मुलगा सकाळी कोणाशेजारी बसतो, त्यांच्याच. रात्री जे ग्रुपवर होतं त्याचा निकाल डब्याच्या सुट्टीत लागतो, कोण त्याच्यासोबत बसतं आणि कोण उठून जातं. तुम्ही डब्याच्या सुट्टीत एक चक्कर मारा, सगळं दिसेल.

त्या मुलाला वर्गासमोर उभं करून "याला कोण त्रास देतं" हे कृपा करून विचारू नका, मी असं झालेलं पाहिलंय, पोरगं दुसऱ्या दिवसापासून शाळेतच आलं नाही. त्याला एकट्याला बोलवा, व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत ग्रुप्समध्ये आपल्याला कोण ॲड करू शकतं ते बदलता येतं, तेवढं सोबत बसून करून द्या, पाच मिनिटांचं काम आहे आणि त्या दिवशी रात्री त्याची 'लाईट' कोणी घालवू शकणार नाही. मॉनिटरला वेगळं, त्याच्या वडिलांसमोर. आणि जे तिसरे असतात, नुसते हसण्याचे इमोजी टाकणारे, त्यांच्यातले दोघं-तिघं पकडा, कारण बघ्यांना मजा येणं थांबलं की हा खेळ आठवड्यात मरतो. त्यांना एवढंच सांगा, ग्रुपवर काही बोलायची हिंमत नसेल तर नको बोलू, पण त्या मुलाला खाजगीत एक मेसेज टाक, "लक्ष नको देऊ, उद्या माझ्यासोबत बस."

मुख्याध्यापकांना आकडा लागत असेल तर एक द्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीत 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांमध्ये सगळ्यात जास्त महाराष्ट्रात. सगळ्या काही छळामुळे नाहीत, अजिबात नाहीत. पण त्यातल्या कितीतरी मुलांच्या शाळा-कॉलेजनेही "आपल्याकडे असं काही होत नाही" असंच मानलं असणार. आणि जर गोष्ट घाणेरड्या फोटो-व्हिडिओवर गेली तर पॉक्सोखाली कळवणं हे शिक्षक आणि मुख्याध्यापक दोघांवर बंधनकारक आहे, तिथे 'पडू नका' चालत नाही.

प्रश्न : मी भुसावळचा, 17 वर्षे. मी पण असंच एक स्टिकर बनवलं होतं एका पोराचं, तो जेवताना रडत होता तेव्हाचं. गंमत म्हणून. तो आता कॉलेजला येत नाही, कोणी म्हणतं गावाला गेला, कोणी म्हणतं दवाखान्यात होता. मला झोप येत नाही. कोणाला सांगितलं तर सगळे माझ्यावर येतील. मी वाईट आहे का?

उत्तर : तू जे केलंस ते वाईट होतं. जेवताना रडणाऱ्या माणसाचा फोटो काढायला आधी फोन वर करावा लागतो, त्या दोन सेकंदात तुला कळलं होतं की तो रडतोय. हे मी गोड करून सांगणार नाही, तुलाही ते नको असेल, नाहीतर तू लिहिलंच नसतं.

पण तू त्या स्टिकरएवढाच आहेस असं मला नाही वाटत. ज्या 2018 च्या अभ्यासाबद्दल वर लिहिलं, त्यात अजून एक गोष्ट निघाली होती जी कोणी सांगत नाही, की ऑनलाइन छळ करणाऱ्या पोरांमध्येही आत्महत्येचे विचार बाकीच्यांपेक्षा जास्त दिसले. छळ झालेल्यांइतके नाही, पण जास्त. म्हणजे तुझी झोप उडणं हे नाटक नाही, आणि तुझ्यासाठी पण 14416 आहेच, तिथे कोणी तुला चांगल्या-वाईटाचं सर्टिफिकेट मागत नाही.

आता कामाचं. तुझ्या फोनमधून ते स्टिकर काढ, मूळ फोटो पण काढ. मात्र प्रकरण आधीच कॉलेजच्या सरांकडे किंवा पोलिसांकडे गेलं असेल तर काहीच डिलीट करू नको, आहे तसं घेऊन घरच्या मोठ्या माणसासोबत जा. ज्या ग्रुपवर टाकलं तिथे एक ओळ लिही, "हे मी बनवलं होतं, चुकीचं होतं, सगळ्यांनी डिलीट करा." हसतील. दोघं-तिघं तुलाच नवीन नाव ठेवतील, ते तू सहन करशील, कारण तुला आता माहितीय ते कसं चालतं. मग घरात एकाला सांग, आणि कॉलेजमधल्या एका सरांना, कारण त्या मुलाला परत आणायचं असेल तर वर्गात काय झालं हे कोणालातरी माहीत असावं लागेल आणि पूर्ण खरं फक्त तुला माहितीय.

त्याला माफी मागायची तर लांबलचक मेसेज नको, त्यात तू तुझंच दुःख सांगत बसशील. सरांना किंवा त्याच्या घरच्यांना आधी विचार की त्याला आता काही ऐकायची ताकद आहे का. ते नको म्हणाले तर थांब. हो म्हणाले तर दोन ओळी लिही, काय केलंस ते आणि आता ते कुठून कुठून काढलंस ते, 'पण' हा शब्द न वापरता. तो बहुतेक उत्तर देणार नाही. निळी टिक येईल आणि बस. परत मेसेज करू नको, मित्राच्या फोनवरून पण नाही.